पाठांतर सोड, मुद्दे धर: कॉलेजातल्या वक्तृत्वाच्या पेपरबद्दल

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तू बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस, या सत्रात भाषणकलेचा दोन क्रेडिटचा कोर्स घेतला आहेस. पहिल्याच पाच मिनिटांच्या भाषणात दुसऱ्या मिनिटाला पाठ केलेलं विसरलास, थोडा वेळ नुसताच उभा राहिलास आणि ‘धन्यवाद’ म्हणून जागेवर जाऊन बसलास. अजून दोन भाषणं बाकी आहेत. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसं मिळवली असताना कॉलेजात असं का झालं आणि ही भीती घालवायची कशी, असं तू विचारलं आहेस.

हा विषय मी कॉलेजात बरीच वर्षं शिकवते आहे, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकते. तुझी मूळ अडचण भीती नाही, पाठांतर आहे. भीती त्याच्या पाठोपाठ आली.

शाळेतली स्पर्धा कशी होते ते आठव. विषय आठवडाभर आधी कळतो. भाषण बाई लिहून देतात, नाहीतर घरातलं कुणीतरी. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला जे दोन शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती’ इथपासून ‘एवढे बोलून मी माझे भाषण संपवतो, जय हिंद, जय महाराष्ट्र’ इथपर्यंत शब्द न् शब्द पाठ. हात कुठल्या वाक्याला वर न्यायचा तेही ठरलेलं. यातून उच्चार सुधारतात, आवाज मोकळा होतो, चार लोकांसमोर उभं राहायची सवय लागते. हे सगळं मोलाचंच आहे. पण त्या वेळी मूल बोलत नसतं, म्हणून दाखवत असतं. पाठ केलेल्या मजकुरात एक वाक्य पुढच्या वाक्याला शब्दांनी जोडलेलं असतं, अर्थाने नाही. मधला एक शब्द निसटला की डोकं तो शब्दच शोधत बसतं. आपल्याला काय सांगायचं होतं हे त्या क्षणी आठवतच नाही, कारण ते कधी ठरवलेलंच नसतं.

शाळेत भाषण दोन-तीन मिनिटांचं, आई रोज रात्री म्हणून घेते, त्यामुळे निभावून जातं. मराठीत सावकाश, समजेल असं बोललं तर मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात. म्हणजे पाच मिनिटांना पाच-सहाशे शब्द. एवढं शब्दशः लक्षात ठेवायचं आणि तेही अकाउंटन्सीच्या इंटर्नलच्या आठवड्यात, हा हट्ट कशासाठी? भाषण पाठ न करता तयार करता येतं, आणि खरं तर तेच या कोर्समध्ये शिकायचं असतं.

तयारी एका वाक्यापासून सुरू कर. भाषण संपल्यावर मागच्या बाकावरच्या मुलाला बाहेर कुणी विचारलं, ‘काय रे, काय म्हणाला तो?’ तर त्याने काय सांगावं असं तुला वाटतं, ते एक वाक्य कागदावर लिही. ‘पर्यावरण’ हे वाक्य नव्हे, तो नुसता विषय झाला. ‘आमच्या कॉलेजच्या कँटीनने कागदी कप बंद करून स्टीलचे ग्लास ठेवावेत’ हे वाक्य. बहुतेक विद्यार्थी नेमके इथेच अडतात, आणि अडले तरी हरकत नाही. या एका वाक्याला दोन दिवस लागले तरी चालतील. ते सापडलं की बाकीची तयारी तासा-दीड तासात उरकते.

जवळून एक उदाहरण दाखवते. एका विद्यार्थिनीने एसटी हा विषय घेतला होता. तिची पहिली सुरुवात अशी होती: ‘एसटी ही महाराष्ट्राची जीवनवाहिनी आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर पहिली बस धावली. आज एसटी गावागावांत पोहोचली आहे.’ माहिती बरोबर होती, पण ऐकताना वर्ग वहीत रेघोट्या मारत होता. मी तिला विचारलं, तू स्वतः एसटीने येतेस ना? मग तुझ्या गाडीबद्दल सांग. ती सहज म्हणाली, ‘आमच्या गावाहून कॉलेजला यायला एकच गाडी आहे, सव्वासहाची. ती चुकली की त्या दिवसाचं कॉलेज संपलं.’ मी म्हटलं, हीच तुझी सुरुवात. पुढच्या खेपेला तिने हेच दोन वाक्यांत सांगितलं आणि थांबली. वर्गातल्या निम्म्या मुलांची तीच कथा होती, सगळ्यांनी माना वर केल्या. १९४८ सालही तिने टाकून दिलं नाही, फक्त पुढे नेलं: पहिली गाडी निघाली तेव्हा रस्ते कसे असतील याची कल्पना करा, तरी ती निघाली, मग आज डांबरी रस्ता दारापर्यंत असताना दुसरी फेरी का मिळू नये? आणि मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे हे सांगून तिने विचारलं, ‘पण गाडीच नसेल तर सवलत घ्यायची कशावर?’ तारीख तीच, आकडाही तोच. आता ते तिच्या म्हणण्याच्या कामी आले.

तिच्या हातात पोस्टकार्डाएवढा एक कागद होता. त्यावर मोठ्या अक्षरात एवढंच: सव्वासहा. चुकली तर काय. १९४८. सवलत–गाडी. मागणी: दहाची फेरी. पाच मिनिटांना एवढं पुरतं. पूर्ण वाक्यं लिहिलीस की डोळे वाचायला लागतील आणि आवाज सपाट होईल. फक्त दोन ठिकाणी पूर्ण वाक्य लिहून नीट घोटून ठेव: पहिलं आणि शेवटचं. पहिलं वाक्य घबराटीतही तोंडातून बाहेर पडायला हवं म्हणून, आणि शेवटचं अशासाठी की ते ठरलेलं नसलं की वक्ता ‘तर अशा प्रकारे…’ म्हणत तीन वेळा शेवट करतो. मधला भाग दर वेळी वेगळ्या शब्दांत बोल. खोलीतल्या मित्राला सांग, आईला फोनवर सांग, चालता चालता स्वतःशी सांग. शब्द बदलत राहिले आणि मुद्दे तेच राहिले, तर भाषण तयार झालं असं समज.

मांडणी कशी करायची हे शिकायला परदेशी व्याख्यानांच्या व्हिडिओंमागे लागायची गरज नाही, ते जमलं तर जरूर बघ. आपल्याकडचं नारदीय कीर्तन एकदा पूर्ण बसून ऐक. पूर्वरंगात बुवा एक अभंग किंवा पद घेतात आणि त्याचं निरूपण करतात. उत्तररंगात आख्यान लावतात आणि तेच सूत्र गोष्टीतून पटवून देतात. म्हणजे आधी म्हणणं, मग त्या म्हणण्याला उभं करणारी गोष्ट. पाच मिनिटांच्या भाषणालाही हेच चालतं. गाडगेबाबा तर कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याकडूनच उत्तर काढून घेत आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न रचत. त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण ऐकायला मिळतं. ऐकताना एवढंच बघ, प्रश्न विचारल्यावर ते उत्तरासाठी थांबतात. आपले विद्यार्थी प्रश्न विचारतात आणि श्वासही न घेता स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात.

दुसरा नमुना वाचायचा. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत केलेलं भाषण. लोकशाही टिकवायची तर काय करायला हवं, हे ते तीन गोष्टींत सांगतात, आणि पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमाने सांगतात: घटनात्मक मार्ग सोडायचे नाहीत, कुणाही मोठ्या माणसाच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य वाहायचं नाही, आणि नुसत्या राजकीय लोकशाहीवर समाधान मानायचं नाही. एवढा अवघड विषय, पण ऐकणाऱ्याला प्रत्येक क्षणी ठाऊक असतं की आपण कितव्या मुद्द्यावर आहोत. वाचणाऱ्याला मागचं पान उलटता येतं, ऐकणाऱ्याला येत नाही. म्हणून वक्त्याने त्याला अधूनमधून सांगावं लागतं की आता इथवर आलो, आता पुढे जाऊ.

आता आवाजाबद्दल. माझ्या मते मराठीत बोलणाऱ्याने सगळ्यात जास्त लक्ष वाक्याच्या शेवटाकडे द्यावं. आपलं क्रियापद शेवटी येतं, ‘नाही’ आणि ‘नव्हतं’ही शेवटीच येतं. घाबरलेल्या माणसाचा श्वास वाक्याच्या शेवटी संपतो आणि नेमका तोच शब्द घशात विरतो. ‘परीक्षा पद्धत बदलणं गरजेचं…’ एवढं ऐकू आलं आणि पुढचं आहे की नाही, ते तिसऱ्या रांगेच्या मागे कुणालाच कळलं नाही, असं मी सतत बघते. उपाय साधा आहे. वाक्यं लहान कर, वाक्याआधी श्वास घे आणि शेवटच्या शब्दापर्यंत आवाज तेवढाच ठेव. घरी एक उतारा मोठ्याने वाच आणि प्रत्येक वाक्याचं क्रियापद मुद्दाम ठासून म्हण. आठवडाभर केलंस तरी फरक कळेल.

भाषा बोलण्यातली ठेव. ‘अत्यंत महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’ असं तू मित्राशी बोलत नाहीस, मग वर्गाशी का बोलावंस? बोलीबद्दल तर मी आग्रहाने सांगेन. विदर्भातला, मराठवाड्यातला, खानदेशातला, कोकणातला मुलगा उभा राहिला की तो आधी आपली बोली लपवायला बघतो, आणि निम्मी शक्ती त्यातच जाते. उच्चार स्पष्ट हवेत, शब्द पूर्ण म्हणायला हवेत. पण हेल तुझ्या गावचा असला तर तो तसाच राहू दे. ‘म्हणजे’, ‘तर’, ‘ॲक्च्युअली’, ‘बेसिकली’ हे शब्द मात्र कमी करावे लागतील. ते तोंडावर येतील तेव्हा फक्त गप्प राहा. दोन सेकंदांची शांतता तुला फार लांब वाटते, पण ऐकणाऱ्याला ती हवीच असते, तेवढ्यात तो मागचं वाक्य पचवून घेतो.

भीतीचंही सांगते, कारण ती खोटी नसते. छातीत धडधड, तळहाताला घाम, कोरडं पडलेलं तोंड हे सगळं ॲड्रेनालिनमुळे होतं, आणि उभं राहण्याच्या वेळी ते सर्वांत जास्त असतं. बोलायला लागल्यावर बहुतेकांचं ते हळूहळू ओसरतं. म्हणून पहिली मिनिट-दीड मिनिटं सांभाळायची असतात आणि म्हणूनच पहिलं वाक्य घोटून ठेवायचं. नाव पुकारलं की घाईने बोलायला सुरुवात करू नकोस. चालत जा, दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकव, श्वास सावकाश बाहेर सोड, समोर एका ओळखीच्या चेहऱ्याकडे बघ आणि मग बोल. भीती बाहेरून दिसते, हा समज मात्र बराचसा चुकीचा आहे. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. तुमची घबराट तुम्हाला वाटते तेवढी समोरच्यांना दिसत नाही, हे ज्यांना आधी समजावून सांगितलं होतं त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली, आणि असं मत बोलणाऱ्यांचं होतं तसंच बघणाऱ्यांचंही होतं. वर्गात मी हे दर वर्षी सांगते. भाषण झाल्यावर विद्यार्थी म्हणतो, ‘माझे हात केवढे थरथरत होते!’ आणि पहिल्या रांगेतली मुलं म्हणतात, ‘आम्हाला तर काही दिसलं नाही.’ कागद थरथरतो तेव्हा मात्र दिसतं, म्हणून पातळ कागद नको, जाड कार्ड घे.

आणि मधेच विसरलास तर? कार्डाकडे बघ. बघायला परवानगी आहे, ते लपवायचं नसतं. तरीही सुचलं नाही तर मागचा मुद्दा वेगळ्या शब्दांत पुन्हा सांग, पुढचा बहुतेक वेळा त्यातूनच आठवतो. मुद्द्यांनी बोलणाऱ्याचं काही राहून गेलं तर ते फक्त त्यालाच ठाऊक असतं.

या कोर्सकडून काय अपेक्षा ठेवायची, तेही स्पष्ट असू दे. दोन क्रेडिटचा कोर्स तासिकांचा असेल तर सत्रात साधारण ३० तास मिळतात. वर्गात ६० विद्यार्थी धर. प्रत्येकाची पाच मिनिटं म्हणजे एका फेरीला ३०० मिनिटं, पाच तास. त्यावर दोन शब्द बोलायचे, एकाने उतरायचं, दुसऱ्याने चढायचं, यात तेवढाच वेळ आणखी जातो. तीन फेऱ्या झाल्या की सत्र संपतं. म्हणजे पूर्ण कोर्समध्ये तू प्रत्यक्ष बोलणार पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटांत कुणी वक्ता होत नाही, आणि यात शिक्षकांचा दोष नाही. उरलेल्या उभं राहायच्या संधी तुला बाहेर मिळवाव्या लागतील. एनएसएसच्या शिबिरात रात्रीच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माग. सोसायटीच्या गणपतीत आभारप्रदर्शन माग, ते कुणालाच नको असतं, त्यामुळे लगेच मिळतं. पाहुण्यांची ओळख करून देणं हे तर उत्तम काम आहे: दोन मिनिटं, माहिती हातात, आणि लोकांचं लक्ष पाहुण्यांकडे. पुण्या-मुंबईत किंवा जवळच्या मोठ्या शहरात असशील तर टोस्टमास्टर्सच्या एखाद्या सभेला पाहुणा म्हणून जाऊन बघ. लोकांसमोर बोलण्याचा सराव करून घेणारी, १९२४ साली अमेरिकेत सुरू झालेली ही संस्था आहे. तिथे वेळ सांगायला हिरवा, पिवळा, लाल दिवा दाखवतात, ऐनवेळी दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलायला लावतात, आणि वक्त्याने किती वेळा ‘अं… अं…’ केलं ते मोजायला एक माणूस बसवलेला असतो.

दुसऱ्यांची भाषणं चालू असतात तो वेळही तुझाच आहे. वर्गातले पाच तास हे ६० भाषणं ऐकायचे पाच तास आहेत. बहुतेक मुलं तेव्हा स्वतःचं भाषण मनात घोकत बसतात. त्याऐवजी प्रत्येक भाषणानंतर एक ओळ लिही: मला काय आठवतंय? कधी काहीच आठवणार नाही, तर का आठवत नाही ते लिही. तुझ्या भाषणानंतरही मित्राला ‘कसं झालं?’ असं विचारू नकोस, तो ‘छान झालं’ म्हणेल. ‘मी काय म्हणालो ते एका वाक्यात सांग’ आणि ‘तुझं लक्ष कुठे उडालं?’ असं विचार. मोबाइलवर रेकॉर्डिंग केलंस तर एकदा स्क्रीन उलटी ठेवून फक्त ऐक आणि एकदा आवाज बंद करून फक्त बघ. दोन्ही एकदम केलं की माणूस आपला चेहराच बघत बसतो. शक्य असेल तेव्हा प्रत्यक्ष व्याख्यानं ऐकायला जा. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली आणि आजही उन्हाळ्यात भरते. तुझ्या तालुक्यालाही एखादी व्याख्यानमाला असेलच, चौकशी कर.

माईकचं थोडक्यात. फुंकर मारून किंवा टिचकी मारून बघू नकोस, पहिलं वाक्यच बोल. हातातला माईक हनुवटीच्या जवळ, ओठांपासून चार बोटं अंतरावर, किंचित तिरका धर. अगदी ओठांसमोर धरलास तर ‘फ’ आणि ‘भ’च्या हवेचा स्फोट स्पीकरमधून येतो. मान वळवलीस की माईकही वळव. स्लाइड दाखवायच्या असतील तर कमी दाखव आणि पडद्याकडे तोंड करून वाचू नकोस.

इंग्रजीत बोलायची सक्ती असेल तर आधी सगळं भाषण मराठीत मित्राला सांगून टाक, मुद्दे पक्के कर, आणि मग इंग्रजीत अगदी छोट्या वाक्यांत नव्याने सांग. मराठी वाक्यांचं एकेक करून भाषांतर केलंस की पुन्हा पाठांतरातच अडकशील. भाषेची निवड विद्यार्थ्यावर सोडायला हवी, असं माझं ठाम मत आहे. निदान पहिलं भाषण तरी आपल्या भाषेत करू द्यावं, आणि तू हे शिक्षकांना नम्रपणे विचारायला काहीच हरकत नाही.

तू लिहिलं नाहीस, पण तुझ्यासारखे आणखी कुणी वाचत असतील म्हणून सांगते. भाषणाच्या आदल्या रात्री झोपच लागत नसेल, श्वास कोंडत असेल, वर्गच टाळावासा वाटत असेल, तर शिक्षकांना एकटं गाठून सांगा आणि आधी चार-पाच जणांसमोर बोलू द्या म्हणून विनंती करा. कॉलेजात समुपदेशक असेल तर त्यांनाही भेटा. अडखळत बोलण्याचा, म्हणजे तोतरेपणाचा त्रास असेल तर तो सरावाने जाईल म्हणून वाट बघू नका, वाचा-उपचार तज्ज्ञांकडे जा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे, आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांतही ही सोय असते. अशा विद्यार्थ्याला जास्त वेळ द्यायला हवा, आणि तो मागण्यात कमीपणा नाही.

दुसऱ्या भाषणाचा विषय अजून ठरला नसेल तर मोठा विषय शोधत बसू नकोस. तू कॉमर्सचा आहेस. ज्या वाण्याकडून सामान आणतोस त्याच्याकडे आता उधारीची वही आणि यूपीआयचा क्यूआर कोड दोन्ही असतील. त्याच्याशी अर्धा तास बोल: कोण उधार नेतं, कोण लगेच स्कॅन करतं, त्याला स्वतःला काय परवडतं. परत आल्यावर काहीही न लिहिता खोलीतल्या मित्राला सांग. जे सांगताना त्याने ‘मग?’ असं विचारलं, ते कार्डावर सगळ्यात वर लिही.